पिकअप नाही

गाडी चालू झाली त्या संध्याकाळी मी मोती चौकातून अर्धा किलो कंदी पेढे आणून आळीत वाटले. ही घाई झाली.

स्कूटर नऊ वर्षं बंद होती. २०१५ साली माझी बदली मुंबईला झाली तेव्हा तिला साताऱ्याच्या घरात जिन्याखाली उभी केली, वर जुनी सतरंजी टाकली, सतरंजीवर खताची रिकामी पोती, आणि "दिवाळीला आलो की काढू" म्हणून दाराला कुलूप लावलं. दिवाळीला आलो ते चार दिवस घर झाडण्यात गेले. पुढच्या दिवाळीला दोनच दिवस मिळाले. मग निवृत्ती, मग ठाण्याला मुलाकडे, नातवाची शाळेची बस, त्याचं पोहणं, त्याचा तबला. २०२४ च्या जूनमध्ये आम्ही दोघं साताऱ्याला परत राहायला आलो तेव्हा जिन्याखालच्या ढिगाऱ्याला स्कूटर म्हणायला धीर लागत होता. टायर चिरले होते, उंदरांनी हॉर्नची वायर खाल्ली होती, आणि सीटच्या फोममध्ये त्यांच्या किती पिढ्यांची बाळंतपणं झाली असतील ते देवालाच ठाऊक.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, भंगारवाल्याला देऊन टाका. किलोवर घेतो." मी म्हटलं, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

दोन टायर, दोन ट्यूब, क्लचची नि रेसची वायर, नवा प्लग, टाकीत दोन लिटर पेट्रोल. पंपावरच्या पोराला "ऑइल मारून दे" म्हटलं तर तो नुसता बघत राहिला. टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये लिटरला २० मिलि ऑइल घालावं लागतं, हे त्याच्या जन्माआधीचं ज्ञान. पूर्वी पेट्रोलच्या यंत्राशेजारी हाताने दांडा हलवायचा ऑइलचा छोटा पंप असायचा. आता दुकानातून बाटली आणायची आणि नातवाच्या खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजायचं. स्कूटर जरा कलती केली, चोक ओढला आणि किक मारायला लागलो. तेविसाव्या किकला ती बोलली. निळा धूर एवढा झाला की समोरच्या वहिनींनी वाळत घातलेल्या चादरी पळत येऊन काढल्या. आणि मग ते पेढे.

चालू झालेली गाडी आणि चालणारी गाडी या दोन वेगळ्या गाड्या असतात, हे समजायला मला पुढे चार महिने लागले. त्यातला एक महिना कागदांत गेला. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग लागतं, वर पर्यावरण कर, वर विमा, आणि माझी गाडी १९९१ ची. पासिंगला हॉर्न वाजतो का, दिवा लागतो का, नंबर जुळतो का, हे बघितलं. सगळं जुळलं. गाडीत दम आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही. तो प्रश्न साताऱ्यात यवतेश्वरचा घाट विचारतो.

समर्थ मंदिरापाशी गाडी डोंगराला लागते आणि कासच्या रस्त्यावर वर-वर चढत जाते. आम्ही तरुण होतो तेव्हा गावात नवी गाडी घेतली की ती देवळापुढे उभी करायची, नारळ फोडायचा आणि लगेच यवतेश्वरला नेऊन आणायची. तिथे तिची किंमत कळायची. माझी चेतक त्या काळी आम्हां दोघांना आणि पुढे उभ्या असलेल्या मुलाला घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढायची. सपाटी आली की तिसरा. ऑगस्टात पाऊस जरा थांबला तशी एका सकाळी हिला मागे बसवून निघालो. गावात ठीक होती, म्हणजे तीसच्या पुढे जात नव्हती, पण गावात तीसच्या पुढे जायचं कशाला, असं मी मनाला सांगितलं. घाट लागला. दुसरा टाकला, गाडी दबली. पहिला टाकला, तरी दबली. दुसऱ्या वळणावर ही म्हणाली, "अहो, थांबवा, मी उतरते." उतरली, पदर खोचला आणि चालायला लागली. बघता बघता माझ्यापुढे गेली.

आपल्याकडे गाडीच्या या दुखण्याला एकच नाव नाही, ही मला भाषेची श्रीमंती वाटते. पिकअप नाही, ओढत नाही, लोड घेत नाही, दबते, धापते, मिसिंग मारते, गुदमरते. ऐकणाऱ्याला वाटतं सगळं एकच. पण मिसिंग मारणारी गाडी मधूनमधून ठोका चुकवते. तिथे करंटकडे बघायचं. धक्के देत, आचके देत बंद पडणारी उपाशी असते; तिथे पेट्रोलची वाट बघायची. इंजिन ओरडतं पण चाक त्या मानानं फिरत नाही, तर क्लच सुटतोय. आणि दबणारी गाडी वेगळीच. ती ठोका चुकवत नाही, आचके देत नाही, ओरडतही नाही. मूठ पूर्ण पिळली तरी आवाज जाड होतो, खाली बसतो, आणि वेग आहे तिथेच राहतो. माझी दबत होती. पण त्या वेळी मी घरी येऊन सगळ्यांना "पिकअप नाही" एवढंच सांगत सुटलो, आणि इथेच पहिली चूक झाली. रोग्यानं लक्षण नीट सांगितलं नाही तर वैद्य काय करील?

वैद्यही तसाच भेटला. एका मोठ्या, चकचकीत फरशीच्या गॅरेजमध्ये गाडी दिली. त्यांनी प्लग बदलला (मी नुकताच बदललेला), कॉइल बदलली, कार्बोरेटर उघडून बंद केला आणि चार हजारांच्या वरचं बिल हातात दिलं. गाडी होती तशीच होती. "साहेब, जुनी गाडी आहे, एवढंच चालणार," असं वर ऐकून घेतलं. हे वाक्य मला निवृत्तीनंतर वेगवेगळ्या खिडक्यांवर ऐकायची सवय झालेली आहे, पण स्कूटरबद्दल ते सहन झालं नाही.

चेतक ही काही शर्यतीची गाडी नव्हती कधीच. बजाजनं ती १९७२ साली काढली, पुण्याशेजारी आकुर्डीला. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, पण ताकद जेमतेम साडेसात घोड्यांची. बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोकही तेवढाच. गुणाकार करून बघा, १४५.४५ सीसी येतात, कागदपत्रांत लिहिलेत तेवढेच. एकेकाळी तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागायचं. मुलगी झाली की स्कूटरचा नंबर लावायचा, म्हणजे लग्नापर्यंत मिळते, असं लोक गमतीनं म्हणत. मी घेतली तेव्हा ते दिवस सरत आले होते आणि आमच्या ऑफिसच्या सोसायटीचं कर्ज सहज मिळालं. आता चेतक नावाची गाडी परत निघाली आहे, २०२० पासून, विजेवरची. ती चढावर दबत नाही म्हणे. तिला दबायला सायलेन्सरच नाही.

पण मी पुढे चाललो. सायलेन्सर यायला अजून वेळ आहे.

बिलाचा राग आला म्हणून मी स्वतःच बसायचं ठरवलं. जिन्याखाली दिवा ओढून घेतला, पाटावर बसलो, शेजारी पाने, पक्कड, चिंध्या, चहाची गाळणी (ही नंतर महाग पडली). पहिल्या रविवारी मी तीन गोष्टी एकदम केल्या: प्लग घासला, एअर फिल्टर धुतला, आणि नऊ वर्षं सुकलेलं इंजिन म्हणून मायेनं ऑइल जरा जास्त घातलं. गाडी किंचित सुधारली. कशामुळे, ते कळायला मार्ग उरला नाही. दुसऱ्या रविवारी ती परत बिघडली, आणि कशामुळे तेही कळलं नाही. प्लग काढला तर काळा, ओला, काजळीनं माखलेला. तेव्हा माझ्यासारख्या हिशेबनीस माणसानं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. नातवाची अर्धी राहिलेली वही घेतली आणि ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी त्याच रस्त्यानं समर्थ मंदिरापासून पहिल्या वळणापर्यंत न्यायची, आणि काय झालं ते लिहायचं.

वहीतली पहिली नोंद टाकीच्या झाकणाची आहे. गाडी दोन-अडीच किलोमीटर गेली की आचके देऊन बंद पडायची, पाच मिनिटं उभी केली की मुकाट चालू व्हायची. मी पेट्रोलची नळी कार्बोरेटरपासून काढून बाटलीत सोडली. धार छान पडली, मग बारीक झाली, मग थेंब, मग तेही नाही. झाकण उघडलं तर "फुस्स" झालं आणि धार पुन्हा सुरू. झाकणाला एक बारीकसं भोक असतं. टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा त्यातून आत येते. भोक बुजलं की टाकी आपलंच पेट्रोल धरून ठेवते. तांब्या उपडा घातला तर पाणी गटगट अडखळत पडतं, तसलाच प्रकार. भोकात वाळकी, पिवळट माती होती. ती मी सुईनं काढली, फुंकून टाकली, आणि नऊ वर्षांची धूळ असेल म्हणून सोडून दिलं. ती माती नीट बघितली असती तर दीड महिना वाचला असता.

पडलेलं पेट्रोल बाटलीत उन्हाकडे धरलं तर तळाला गंजाची भुकटी आणि पाण्याचे डोलणारे मणी. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि साताऱ्याचा पावसाळा ओल देण्यात हात आखडत नाही. यावर तक्रार तरी कोणत्या तोंडानं करणार? ते इथेनॉल आमच्याच भागातल्या उसाचं. टाकी उतरवली. आत डिझेल, सायकलच्या जुन्या चेनचे तुकडे, आणि खुळखुळ्यासारखी हलवायची. दहा मिनिटं मी, दहा मिनिटं शेजारचा अकरावीतला मुलगा. शेवटी हिनं तांब्याची भांडी घासायची चिंच कोळून दिली. रात्रभर तो कोळ टाकीत ठेवला, सकाळी धुऊन उन्हात वाळवली. आत डोकावलं तर पत्रा राखाडी, स्वच्छ दिसत होता. पेट्रोल मात्र मी चहाच्या गाळणीतून गाळलं, त्याबद्दल घरात अजून बोललं जातं.

मग जेट. कार्बोरेटरमध्ये आयडलचं जेट वेगळं आणि मेन जेट वेगळं. गाडी उभी असताना संथ चालते ती आयडलच्या जिवावर. मूठ पिळली की मेन जेटचं काम सुरू होतं. म्हणून दारात उभी असताना गाडी मांजरासारखी गुरगुरते आणि चढावर जीव टाकते, तेव्हा मेन जेटकडे बोट दाखवायचं. मी ते काढून आभाळाकडे धरलं. उजेड दिसला. साफ आहे म्हणून परत बसवणार, एवढ्यात वाटलं, भिंग घेऊन बघावं. भोकाच्या कडेला आतून मधासारखा पारदर्शक, तपकिरी थर होता. जुनं पेट्रोल उडून जातं आणि मागे हा राळेसारखा चीक ठेवतं. एक मिलिमीटरच्या भोकाला आतून ०.०५ मिलिमीटरचा थर बसला तरी व्यास ०.९ होतो आणि वाट १९ टक्क्यांनी अरुंद होते. उजेडाला तेवढी वाट पुरते, इंजिनाला पुरत नाही. वायरमधली तांब्याची एकच तार काढून, तिला पेट्रोल लावून, न घाबरता पण न ओरबाडता ते भोक साफ केलं. पोलादी टाचणी घातली असती तर भोक कायमचं मोठं झालं असतं.

गाडी पस्तीसवर गेली. घाटात पहिल्या वळणापर्यंत दुसऱ्यात गेली. वहीत मी "सुधारणा" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्या वळणाला ती पुन्हा दबली.

तिथे घाटातच एक युक्ती करून बघितली, ती कोणालाही करता येईल. मूठ पूर्ण पिळलेली असताना चोक थोडा ओढायचा. चोक म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. गाडीला पेट्रोल कमी पडत असेल तर ती तेवढ्यापुरती उचल खाते. माझी उलट आणखी बसली. म्हणजे पेट्रोल पुरतं होतं, उलट जास्तच होत होतं. मागे कासची फुलं बघायला निघालेल्या गाड्यांची रांग लागली होती. सप्टेंबरातला शनिवार. एकानं हॉर्न दिला, दुसऱ्यानं दिला, तिसऱ्याच्या खिडकीतून एका लहान मुलीनं मला टाटा केला. मी रस्त्याच्या कडेला चोकचा दांडा हातात धरून उभा होतो आणि मनातून फार खूश होतो. पहिल्यांदाच स्कूटरला एक नेमका प्रश्न विचारला होता आणि तिनं नेमकं उत्तर दिलं होतं.

परत आल्यावर आणखी एक कळलं, तेही अपघातानंच. गाडी बंद करून अंगणातून आत ढकलताना दम लागला. पूर्वी एका हातानं ढकलायचो. माझं वय झालं म्हणावं, तर मागच्या चाकाच्या ड्रमला हात लावला आणि चटका बसला. ओल्या बोटाचा थेंब टाकला तर चर्र झालं. ब्रेकचा कॅम गंजून अडकला होता. पाय काढला तरी लायनर ड्रमला घासतच राहत होते. इंजिन बिचारं ओढत होतं आणि आम्ही मागून धरून ठेवलं होतं. चाक खोललं, कॅम घासला, नखभर ग्रीस लावलं. जास्त लावलं तर ते लायनरवर जातं आणि मग ब्रेकच लागत नाही. आणखी पाच किलोमीटरनं वेग वाढला. पेढे आणले नाहीत.

करंट निळा, कडक. किकवर उभं राहिलं तरी ती लगेच खाली जात नव्हती, म्हणजे कॉम्प्रेशनही बरं. क्लच सुटत नव्हता. पांढरा धूर नव्हता, म्हणजे क्लचच्या बाजूचं सील फुटून गिअरचं ऑइल आत येत नव्हतं. मूठ सोडल्यावर इंजिन आपोआप चढत नव्हतं, म्हणजे मॅग्नेटच्या बाजूच्या सीलमधून चोरटी हवाही शिरत नव्हती. पेट्रोल, हवा, ठिणगी, दाब. वहीतल्या प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण होती, आणि गाडी दबत होती. सप्टेंबर संपत आला.

शेवटी कोणीतरी एका जुन्या मिस्त्रींचा पत्ता दिला. गोडोलीकडे एक पत्र्याची शेड, बाहेर स्कूटरच्या रिमांवर ठेवलेल्या तुळशीच्या कुंड्या. मिस्त्री पंचाहत्तरीचे, डोक्याला टोपी, नाकावर चष्मा, चष्म्याला दोरी. मी वही उघडली. त्यांनी वही बघितली नाही. "साहेब, चालू करा," म्हणाले. चालू केली. ते गाडीकडे पाठ करून उभे राहिले आणि ऐकायला लागले. "रेस द्या. सोडा. परत द्या." मग विचारलं, "किती वर्षं उभी होती? कुठं? उघड्यावर का आत?" मी सांगितलं, जिन्याखाली. "जिन्याखाली काय काय होतं?" हा काय प्रश्न, असं मला वाटलं. मी म्हटलं, उंदीर, कोळिष्टकं, कुंभारीण. ते मागे वळले, वाकले आणि सायलेन्सरच्या नळीमागे तळहात धरला. मग माझा हात धरून तिथे नेला. "काय लागतंय?"

गरम हवा लागत होती. मग त्यांनी शेजारी दुरुस्तीला आलेली दुसरी एक जुनी स्कूटर चालू केली आणि माझा हात तिच्यामागे धरला. तिथे थापा बसत होत्या, एकेक वेगळी, मोजता येईल अशी. माझीच्या मागे नुसता उबदार सुस्कारा.

"हिला श्वास सोडता येईना," मिस्त्री म्हणाले.

सायकलच्या चाकाची एक तार घेऊन त्यांनी नळीत घातली. वीतभर जाऊन अडली. फिरवली तशी विटकरी भुकटी पडली. मग सायलेन्सर खोलला, उभा धरला आणि दगडावर दोनदा हलकेच आपटला. आतून एक ढेप बाहेर आली, अंगठ्याएवढी लांब, नळीच्या आकाराची, एका बाजूनं भाजून काळी झालेली. त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. कुंभारणीचं घर. चिखलाची इवलीशी गोळी आणून, थरावर थर लावून केलेलं. प्रत्येक थराची कमान बोटाला जाणवत होती. एका बाजूला तिच्या बाहेर पडायच्या वाटेएवढी फट राहिली होती, तिच्यातूनच माझं इंजिन दोन महिने श्वास सोडत होतं. नखानं उकललं तर आतल्या कोठड्यांत कोळ्यांचे वाळलेले पाय, फोलापेक्षा हलके. पिल्लं केव्हाच उडून गेली होती. ही माशी कोळी किंवा अळी दंश करून सुन्न करते, मातीच्या घरात कोंडते आणि तिच्यावर अंडं घालून दार लिंपते. आपल्या संतांनी हेच पाहून दृष्टांत केला, की कोंडलेली अळी भृंगीचं ध्यान करता करता स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडते. दृष्टांत सुंदर आहे. आत काय होतं ते मी हातावर बघत होतो.

घर बांधलं तेव्हा ते चिखलाचं होतं. त्याला पक्की वीट आम्ही केलं, घाटात पहिल्या गिअरमध्ये तापवून तापवून. आणि झाकणाच्या भोकातली ती पिवळट माती! तीही तिचीच. वहीतल्या पहिल्याच नोंदीला तिनं चिठ्ठी ठेवली होती, मी फुंकून टाकली.

तेवढ्यानंच भागलं नाही. माझ्या मायेच्या जादा ऑइलची काजळी सायलेन्सरभर बसली होती. मिस्त्रींनी त्यात थोडं डिझेल ओतलं, शेडपासून लांब नेऊन पेटवलं, आणि जळून थंड झाल्यावर लाकडी हातोडीनं ठोकत काळे पापुद्रे पाडले. वाटीभर निघाले. हेड उघडून एक्झॉस्टचं तोंड दाखवलं; खरवड बसलेल्या दुधाच्या पातेल्यासारखं झालं होतं. पिस्टन त्या तोंडासमोर आणून, पिस्टनला ओरखडा पडू नये म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काडीनं त्यांनी ते खरवडलं. काड्यांचा एक अख्खा डबा होता त्यांच्याकडे. नातवंडं जमवून देतात म्हणाले.

टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात. जळलेला धूर बाहेर जातो त्याच क्षणी नवं पेट्रोल आणि हवा आत येतात. किंबहुना नवीनच जुन्याला ढकलून काढतं. मिनिटाला पाच हजार फेऱ्या धरल्या तर या सगळ्या येण्याजाण्याला दर वेळी सेकंदाच्या दोनशेव्या भागाएवढाच वेळ असतो. तेवढ्यात जुना धूर गेला नाही तर नव्याला जागा होत नाही, आणि उरलेल्या धुरातच ठिणगी पडते. म्हणून तर चोक ओढल्यावर ती आणखी बसली, म्हणून प्लग काळा. घाटात तिनं मला खरं तेच सांगितलं होतं. ऐकून मी परत आत काय जातं तेच तपासत बसलो. पेट्रोल जातं का, हवा जाते का, करंट जातो का. बाहेर काय जात नाही, हा प्रश्न माझ्या वहीत एकाही पानावर नाही.

इथे माणसाच्या आयुष्याशी, बंद घराशी, मनात साठलेल्या गोष्टींशी तुलना करायचा मोह होतो. मिस्त्रींजवळ मी तसं काहीतरी बोलायला लागलो होतो. त्यांनी सायलेन्सरचा नट आवळता आवळता "दहाचा पाना द्या" म्हटलं.

मजुरी त्यांनी तीनशे रुपये घेतली. ती ढेप मी रुमालात बांधून घरी आणली. हिनं ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "आमची आजी हे मोडू द्यायची नाही." मग देवळीत ठेवली. अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं यवतेश्वरला गेलो. पहिल्या वळणाला दुसरा, दुसऱ्या वळणाला दुसरा, शेवटपर्यंत दुसरा. सपाटीला मी तिसरा टाकून बघितला, घेतला नाही. रिंगा झिजल्या असतील, बोअर करावं लागेल, पण तो पुढच्या वर्षीचा खर्च. वरती उतरून मी तळहात सायलेन्सरमागे धरला. थापा बसत होत्या.

तुमची गाडी चार-सहा महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा, आणि सायलेन्सरच्या तोंडात एक चिंधी कोंबा. चिंधी लाल घ्या, आणि तिचं टोक चांगलं वीतभर बाहेर लोंबू द्या.